धुलाईचे तास कापू नका: अन्नप्रक्रिया कारखान्यांच्या मालकांना आणि उत्पादनप्रमुखांना खुले पत्र

अन्नप्रक्रिया कारखान्यांचे मालक, व्यवस्थापक आणि उत्पादनप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कारखान्यात रात्री उत्पादन थांबतं आणि सकाळी पुन्हा सुरू होतं, त्यामधल्या काही तासांबद्दल हे पत्र आहे. कागदावर ते तास सफाईचे असतात. प्रत्यक्षात ऑर्डर लांबली, मशीन बंद पडलं, कच्चा माल उशिरा आला, की तो सगळा उशीर याच तासांतून वसूल केला जातो. सकाळच्या शिफ्टची वेळ कोणी हलवत नाही. रात्रीची धुलाई मात्र निम्म्या वेळात उरकायला सांगितली जाते आणि सोबत एक सूचना ठरलेली असते: ‘आज सॅनिटायझर जरा स्ट्राँग मारा.’

अन्नाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळांत माझी उमेदीची वर्षं गेली. ही सूचना मी मोठ्या कारखान्यांत ऐकली आहे तशीच लहान कारखान्यांतही, आणि देणारी माणसं बेफिकीर होती असं मुळीच नाही. त्यांना खरंच वाटत होतं की वेळेची भरपाई रसायनाने होते. ती होत नाही. का होत नाही, हे मला आपल्यापुढे सविस्तर मांडायचं आहे, कारण धुलाईचे तास किती असावेत हे शेवटी आपण ठरवता. सफाई कामगार ठरवत नाही आणि प्रयोगशाळाही ठरवत नाही.

स्वच्छ करणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं पूर्णपणे पहिल्यावर अवलंबून आहे. क्लोरीनचंच घ्या. सोडियम हायपोक्लोराइट पाण्यात मिसळलं की हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं आणि जिवाणू मारण्याचं मुख्य काम तेच करतं. पण त्याला जिवाणू कोणता आणि मळ कोणता हे कळत नाही. प्रथिनं, पिष्ट, चिकट रस, जे सेंद्रिय समोर येईल त्याच्याशी ते अभिक्रिया करतं आणि त्यातच संपून जातं. कन्व्हेयरच्या पट्ट्यावर दिवसभराच्या मालाचा पातळसा थर राहिला असेल, तर 200 पीपीएमचं (म्हणजे दहा लाख भागांत 200 भाग क्लोरीन असलेलं) द्रावण त्या थरावरच खर्ची पडतं आणि थराखालचे जिवाणू सुखरूप राहतात. बादलीत टेस्ट स्ट्रिप बुडवली तर ती छान गडद रंग दाखवते, कारण बादलीत मळ नसतो. नोंदवहीत आकडा बरोबर लिहिला जातो आणि पट्टा तसाच घाण राहतो.

सॅनिटायझरच्या कॅनवरचा 99.999 टक्क्यांचा आकडा खोटा नाही. तो कुठे आणि कसा मोजला जातो हे मात्र लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी सॅनिटायझर विकायचा असेल तर ठरावीक जिवाणूंची संख्या 30 सेकंदांत इतकी घटवून दाखवावी लागते. युरोपातल्या ईएन 1276 या चाचणीतही घट तितकीच अपेक्षित आहे, वेळ सहसा पाच मिनिटं आणि तापमान 20 अंश सेल्सिअस. त्या चाचणीत अल्ब्युमिन हे प्रथिन मुद्दाम मिसळतात: ‘स्वच्छ’ परिस्थितीसाठी लिटरला 0.3 ग्रॅम आणि ‘मळकट’ परिस्थितीसाठी लिटरला 3 ग्रॅम. चाचणी आखणाऱ्यांनी मळाचा प्रश्न पहिल्यापासून धरलेला आहे. पण त्यांची ‘मळकट’ परिस्थितीसुद्धा स्लायसरच्या पात्यामागे शिफ्ट संपताना जे साठलेलं असतं त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय ईएन 1276 मध्ये जिवाणू द्रावणात सुटे तरंगत असतात. कारखान्यात ते चिकटून बसलेले असतात.

आता साधा हिशोब करू. 99.999 टक्के मेले म्हणजे लाखातला एक वाचला. नीट घासून धुतलेल्या पत्र्यावर एका चौरस सेंटिमीटरला शंभर जिवाणू उरले असतील तर सॅनिटायझरनंतर तिथे जवळजवळ काही उरत नाही. न धुतलेल्या कोपऱ्यात तेच एक कोटी असतील, तर रसायनाने आपलं काम अगदी लेबलप्रमाणे केलं तरी शंभर उरतात, आणि त्यांच्याभोवती ओलावा आणि खायला भरपूर असतं. सकाळी लाइन सुरू होईपर्यंत ते पुन्हा वाढलेले असतात. म्हणून सुरुवातीचा आकडा खाली आणणं हेच निम्म्याहून जास्त काम आहे, आणि तो आकडा पाणी, डिटर्जंट, ब्रश आणि वेळ यांनीच खाली येतो.

हर्बर्ट सिनर यांनी 1959 मध्ये धुण्याच्या कामाचे चार घटक मांडले: रसायन, यांत्रिक क्रिया म्हणजे घासणं किंवा पाण्याचा मारा, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर बाकीच्यांनी ती उणीव भरून काढायची. वेळ कापून रसायन वाढवण्याच्या समर्थनार्थ हेच तत्त्व मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. पण ते तत्त्व मळ काढण्याचं आहे, मळ काढल्यानंतरच्या सॅनिटायझरचं नाही. आणि मळ काढतानासुद्धा डिटर्जंटला थरात मुरायला, चरबी सोडवायला, प्रथिनं फुगवून विरघळवायला काही मिनिटं लागतातच. ती मिनिटं कॉस्टिक सोडा दुप्पट करून शून्यावर आणता येत नाहीत.

जो थर रोज पूर्ण निघत नाही तो तसाच पडून राहिला असता तर एक वेळ चाललं असतं, पण तो बदलत जातो. ओल्या पृष्ठभागावर चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती पिष्टमय आणि प्रथिनयुक्त चिकट पदार्थ सोडतात, एकमेकांना धरून राहतात, त्यावर आणखी येऊन बसतात. याला बायोफिल्म म्हणतात. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं, आणि कित्येकदा हाताला काहीच लागत नाही. सुट्या जिवाणूला सेकंदांत मारणारं द्रावण या थराच्या वरच्या भागात अडकतं आणि तळाशी पोचेपर्यंत त्याची ताकद उतरलेली असते. बायोफिल्म मोडायला डिटर्जंट आणि घासणं लागतं. तिच्यावर नुसतं सॅनिटायझर फवारणं म्हणजे गंजलेल्या दारावर रंग मारणं.

लिस्टेरिया मोनोसायटोजीनस हा जिवाणू या बाबतीत सगळ्यांत त्रासदायक आहे. तो फ्रिजच्या तापमानाला, अगदी शून्य अंशाच्या आसपासही सावकाश वाढतो. ड्रेन, पोकळ रोलर, तडे गेलेला गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी), नीट न जुळलेला वेल्ड, थेंब ठिबकणारा पाइप, अशा जागी तो वर्षानुवर्षं एकाच कारखान्यात मुक्काम ठोकून राहिल्याची उदाहरणं आहेत. गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना तो गाठतो, आणि त्याचा संसर्ग रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पसरला तर मृत्यूचं प्रमाण बाकीच्या बहुतेक अन्नजन्य आजारांहून खूप जास्त असतं.

2008 मध्ये कॅनडात तयार मांसाच्या कापांमधून लिस्टेरिया पसरला आणि 20 हून अधिक माणसं दगावली. तपासात बोट गेलं ते मोठ्या स्लायसर यंत्रांकडे. निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे त्यांची सफाई होत होती, तरी यंत्राच्या आत खोलवर, सफाईत उघडल्या न जाणाऱ्या भागांत जिवाणू साठलेले होते. 2011 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांमुळे 33 जण मेले. पॅकिंग शेडमध्ये पाणी साचत होतं, आणि फळं धुण्या-वाळवण्याची यंत्रं अशा बनावटीची होती की ती नीट साफ करणं अवघड होतं. 2017-18 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तयार मांसाच्या उत्पादनांतून झालेल्या उद्रेकात हजाराहून जास्त रुग्ण आणि दोनशेहून जास्त मृत्यू झाले. हा जगात नोंद झालेला लिस्टेरियाचा सर्वांत मोठा उद्रेक. जिथे ब्रश पोचत नाही तिथे रसायनही पोचत नाही, हे या घटना पाहिल्यावर वेगळं सांगावं लागू नये.

‘स्ट्राँग मारा’ या सूचनेकडे परत येते, कारण ती नुसती निरुपयोगी नाही, नुकसानही करते.

हायपोक्लोराइटचं द्रावण मुळात अल्कधर्मी असतं. पाण्याचा पीएच 7.5 च्या आसपास असताना त्यातला साधारण निम्मा क्लोरीन हायपोक्लोरस ॲसिडच्या रूपात असतो. पीएच वर गेला की तो हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात जातो, आणि हे रूप जिवाणू मारण्यात कितीतरी पटींनी कमकुवत आहे. त्यामुळे पीएच न पाहता नुसतं हायपोक्लोराइट ओतत गेलं तर पीपीएम वाढतात पण त्यातला कामाचा हिस्सा घटत जातो. पीएच खूप खाली गेला तर उलट विषारी क्लोरीन वायू सुटू लागतो. द्रावण गरम पाण्यात केलं तर ते लवकर कमजोर होतं, वर नाकाडोळ्यांची आग होते. आणि जादा क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. पत्र्यावर बारीक खड्डे पडतात, 304 प्रतीच्या स्टीलवर लवकर आणि 316 वर उशिरा. हेच खड्डे पुढे जिवाणूंना लपायला जागा देतात. आजच्या घाईने उद्याची धुलाई आणखी कठीण होते.

अवशेषांचाही प्रश्न आहे. पाण्याने न धुता तसंच वाळू द्यायचं असेल तर अमेरिकी नियमांत क्लोरीनची मर्यादा 200 पीपीएम आणि आयोडीनची 25 पीपीएम आहे. त्यापुढे गेलात तर नंतर पिण्यायोग्य पाण्याने धुणं भाग आहे, आणि ते पाणी किंवा ती नळी स्वच्छ नसेल तर निर्जंतुक केलेल्या पत्र्यावर आपण नव्याने जंतू सोडतो. सॅनिटायझरचाच दुसरा गट असलेली क्वाट म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुगं पृष्ठभागावर पातळ थर धरून राहतात. भिंती आणि फरशीसाठी हा गुण उपयोगी आहे, पण अन्न ज्याला लागतं तिथे तोच थर मालात उतरतो. युरोपीय संघाने 2014 मध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड आणि त्याच गटातल्या डीडीएसी या संयुगासाठी अन्नातल्या अवशेषांची मर्यादा किलोला 0.1 मिलिग्रॅम इतकी खाली ठरवली. हात सैल सोडून ओतलेलं क्वाट अशी मर्यादा सहज ओलांडू शकतं.

क्वाटबद्दल आणखी थोडं सांगते, कारण ते जवळपास सगळीकडे वापरलं जातं आणि जवळपास सगळीकडे चुकीचं वापरलं जातं. साबणासारखी ॲनायनिक डिटर्जंट नीट धुवून निघाली नसतील तर ती क्वाटला निष्प्रभ करतात. कठीण पाण्यात अनेक क्वाटांची ताकद उतरते. सुती फडकं बादलीत बुडवून ठेवलं की ते क्वाट शोषून घेतं आणि तासाभराने बादलीत नुसतं पाणी असल्यासारखी स्थिती होते. बीजाणूंवर, म्हणजे बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांच्या टणक कवचाच्या रूपांवर, क्वाटचा परिणाम होत नाही. काही लिस्टेरिया प्रकारांत क्वाटला पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुकं सापडली आहेत. ठरलेल्या तीव्रतेला असे प्रकारही मरतात, पण ड्रेनच्या कडेला, साचलेल्या पाण्यात, जिथे द्रावण पातळ होत होत अगदी नाममात्र उरतं तिथे हेच प्रकार तगतात आणि बाकीचे मरतात. म्हणून सॅनिटायझर मारण्याआधी साचलेलं पाणी काढणं आणि नंतर पृष्ठभाग वाळू देणं ही चैन नाही, कामाचाच भाग आहे. वाळायलाही वेळ लागतो, आणि घाईत पहिली काट त्यालाच बसते.

पेरॲसिटिक ॲसिड या तिसऱ्या सॅनिटायझरचा मी अनेक ठिकाणी आग्रह धरते. ते थंड पाण्यातही काम करतं, बीजाणूंवरही पुरेशी तीव्रता आणि तापमान दिलं तर चालतं, आणि शेवटी ॲसिटिक ॲसिड, पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटित होतं. पण मळाने तेही खर्ची पडतं, त्याचा वास नाकात झोंबतो, आणि त्याचं मूळ तीव्र द्रावण तीव्र ऑक्सिडीकारक असतं आणि कॅनमध्येही हळूहळू ऑक्सिजन सोडत राहतं. त्याच्या कॅनला वायू बाहेर पडू देणारं झाकण असतं ते याच कारणाने. ते बदलून घट्ट बूच लावणं धोक्याचं आहे. सगळ्या जागांसाठी एकच उत्तम रसायन असं काही नसतं. रसायन विकणारा सांगेल ते सगळीकडे वापरण्यापेक्षा कुठे काय लागतं हे तुमच्याच माणसांनी ठरवावं.

पॅकेजिंगची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिथे चुकीला जागाच नाही. ॲसेप्टिक पद्धतीत अन्न आणि पाकीट वेगवेगळं निर्जंतुक करून निर्जंतुक हवेत एकत्र आणतात. पुढे उकळणं नाही, शिजवणं नाही. पाकिटावर एखादा बीजाणू जिवंत राहिला तर तो महिनोन्‌महिने सामान्य तापमानाला त्या अन्नात वाढायला मोकळा असतो. कागदी थरांच्या पाकिटासाठी साधारण 35 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 70 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला वापरतात आणि मग गरम हवेने ते उडवून लावतात. अमेरिकेत 1981 मध्ये या वापराला परवानगी मिळाली, आणि भरलेल्या पाकिटात पेरॉक्साइडचा अंश 0.5 पीपीएमपेक्षा जास्त नसावा अशी तिथे अट आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि झाकणांसाठी पुष्कळ ठिकाणी कोमट पेरॲसिटिक ॲसिड आणि नंतर निर्जंतुक पाणी वापरतात.

यात दोन टोकांना सांभाळायचं असतं. पेरॉक्साइडचं तापमान किंवा तीव्रता घसरली तर बीजाणू वाचतात. हवा पुरेशी गरम नसली तर रसायन पाकिटात राहतं. म्हणून यंत्रावर अलार्म असतात. ते वारंवार वाजतात म्हणून बायपास केलेले मी पाहिले आहेत, लाइन थांबू नये एवढ्यासाठी. कृपया हे कधीही होऊ देऊ नका. अलार्म वारंवार वाजत असेल तर तो बंद करायचा नसून त्यामागचं कारण शोधायचं असतं. पेरॉक्साइडच्या टाकीची तीव्रता, पॅकेजिंगचे रोल कुठे आणि किती उघडे पडून असतात, कार्डबोर्डची धूळ फिलरच्या, म्हणजे माल भरणाऱ्या यंत्राच्या, खोलीत येते का, या गोष्टी कोणाच्या तरी नावावर ठरलेल्या असाव्यात. आणि परत परत वापरायचे क्रेट! फिलर चकचकीत ठेवायचा आणि माल आधीच्या फेरीतला गाळ कोपऱ्यांत घट्ट बसलेल्या क्रेटमध्ये भरायचा, हे फार ठिकाणी चालतं. क्रेटलाही तीच धुलाई लागते: आधी मळ काढायचा, मग रसायन, मग वाळवण.

नीट धुलाईला वेळ कुठे जातो हे आपण एकदा शेवटपर्यंत उभं राहून पाहावं अशी माझी इच्छा आहे. आधी वीज तोडून, कुलूप लावून यंत्र उघडायचं. सुटे भाग काढायचे. कोरडा कचरा खरवडून उचलायचा, नळीने ड्रेनकडे ढकलायचा नाही. मग कोमट पाणी. सुरुवातीलाच खूप गरम पाणी मारलं तर प्रथिनं शिजून पत्र्याला चिकटतात. मग फेस: चरबी आणि प्रथिनांसाठी अल्कली, पाण्याच्या आणि दुधाच्या क्षारांच्या पापुद्र्यासाठी ठरावीक अंतराने ॲसिड. फेस वाळू द्यायचा नाही. घासायचं. धुवायचं, तेही कमी दाबाच्या पाण्याने, कारण जोरदार फवाऱ्याने ड्रेनमधले जिवाणू तुषारांवर बसून नुकत्याच धुतलेल्या पट्ट्यावर येतात. मग टॉर्च घेऊन पाहायचं, हात लावून पाहायचं, गरज पडली तर पुन्हा घासायचं. त्यानंतर सॅनिटायझर, लेबलवरच्या तीव्रतेने आणि लेबलवर दिलेला वेळ ओला ठेवून. मग जोडणी, तीही स्वच्छ हातांनी. सीआयपीच्या, म्हणजे न उघडता आतूनच धुतल्या जाणाऱ्या, बंद पाइपलाइनमध्येही हेच: पाणी सेकंदाला साधारण दीड मीटर वेगाने वाहिलं नाही आणि कॉस्टिक ठरलेल्या तापमानाला ठरलेली मिनिटं फिरलं नाही, तर पाइपच्या आंधळ्या फाट्यांत काल जे होतं ते आजही असतं. यातलं काय वगळायचं ते आता आपणच सांगा.

मोजमापाबद्दल एक कळकळीची विनंती. सॅनिटायझरची तीव्रता मोजा, पण ती पुरेशी नाही. एटीपी स्वॅब (सजीव पेशींत असणारं एटीपी हे संयुग मोजणारा बोळा) काही सेकंदांत सांगतो की पृष्ठभागावर सेंद्रिय अवशेष उरला आहे का. तो जिवाणू ओळखत नाही, आणि त्याने तसं ओळखावं अशी अपेक्षाही नाही. तो सॅनिटायझर मारण्याआधी घ्या, म्हणजे कमी पडलेली धुलाई वेळेत दिसेल, आणि रसायनाच्या अंशाने निकाल बिघडण्याची भीतीही राहणार नाही. जिवाणूंसाठीचे स्वॅब मात्र जिथे सापडण्याची शक्यता जास्त तिथूनच घेतले पाहिजेत: ड्रेन, यंत्राचे पाय, पट्ट्याची खालची बाजू, मोटरचं आवरण. बऱ्याच कारखान्यांत ते चकचकीत पत्र्याच्या मधोमधून घेतले जातात, कारण पॉझिटिव्ह निकाल आला की बैठकीत प्रयोगशाळेलाच धारेवर धरलं जातं. एका कारखान्यात फिलरच्या नोझलमागचा गॅस्केट उघडायला लावला म्हणून माझ्याशी आठवडाभर कोणी नीट बोलत नव्हतं. गॅस्केटमध्ये काळा चिकट थर निघाला, पण त्याहून मोठी चर्चा लाइन किती मिनिटं थांबली याची झाली. ड्रेनमध्ये सापडलेला लिस्टेरिया ही चांगली बातमी आहे, कारण बहुधा तो अजून मालात गेलेला नसतो. जो शोधतो त्याला शाबासकी मिळत नसेल तर कोणी शोधणार नाही, आणि मग शोध रुग्णालयात लागतो.

आणि ही सगळी कामं करणारी माणसं. रात्री, ओल्या जमिनीवर, वाफेत, रबरी बुटांत, कारखान्यातल्या सर्वांत धोकादायक रसायनांबरोबर कारखान्यातले सर्वांत कमी पगाराचे आणि सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेले लोक काम करतात. 2023 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने एका मोठ्या सफाई कंत्राटदार कंपनीला 15 लाख डॉलर दंड केला. आठ राज्यांतल्या 13 मांसप्रक्रिया कारखान्यांत रात्रपाळीला 13 ते 17 वर्षं वयाची 102 मुलं धोकादायक रसायनं हाताळत यंत्रं धूत होती. ते कारखाने कोणत्याही तपासणीत स्वतःला आधुनिक म्हणवून घेत असतील. 2019 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका उपाहारगृहात फरशीवर ॲसिडयुक्त क्लीनर आणि क्लोरीनयुक्त क्लीनर एकत्र आले, विषारी वायू सुटला आणि मदतीला गेलेल्या व्यवस्थापकाचा मृत्यू झाला. ही रसायनं वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये, वेगळ्या कपाटांत ठेवणं, त्यांची लेबलं कामगाराच्या भाषेत असणं, डोळ्यांचा चष्मा आणि हातमोजे त्याच्या मापाचे असणं, याला फार पैसे लागत नाहीत. घाई केलेल्या माणसाच्या हातून ॲसिड आणि क्लोरीन एकत्र येतं, चालू यंत्रात हात जातो. धुलाईचे तास कापले की अन्नाबरोबर तो माणूसही धोक्यात येतो.

म्हणून आपल्याकडे माझं मागणं असं आहे. धुलाईची वेळ उत्पादनाच्या वेळापत्रकात यंत्राच्या वेळेइतकीच पक्की लिहा. उत्पादन तासभर लांबलं तर सकाळची सुरुवात तासभर पुढे जाईल, हा नियम आपल्या सहीने लावा, म्हणजे रात्रपाळीच्या सुपरवायझरला कोणाशी भांडावं लागणार नाही. धुलाईनंतर लाइन सुरू करण्याची परवानगी सफाईप्रमुख आणि प्रयोगशाळा यांच्या हातात द्या, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर उत्पादन विभागातल्या कोणीही, आपणसुद्धा, ते फिरवू नये. नवं यंत्र घेताना सफाई करणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि ते उघडायला, धुवायला, जोडायला किती वेळ लागतो हे त्याला तिथेच करून पाहू द्या. सफाईचं कंत्राट सर्वांत कमी बोलीला देऊ नका. शक्य असेल तिथे ही माणसं कायम नोकरीत घ्या, कारण कोणत्या गॅस्केटमागे काय साठतं हे वर्षभर तोच गॅस्केट धुणाऱ्यालाच माहीत असतं.

पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आखायला बसाल तेव्हा आधी धुलाईचे आणि वाळवण्याचे तास भरा आणि उरलेल्या तासांत उत्पादन बसवा. त्या बैठकीला सफाईप्रमुखाला बोलवा आणि एका लाइनची पूर्ण धुलाई करायला खरंच किती वेळ लागतो हे त्यालाच विचारा. तो जो आकडा सांगेल तोच लिहा.

आपली,
अन्न-सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणारी एक सहकारी